एका हाताने मिटणारी गाडी

आमची धाकटी जाऊ गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. शिवणाऱ्या तिथे तीसजणी आहेत, कापणाऱ्या दोनच. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि यंत्राचं पातं एका दमात फिरवायचं. हात हलला तर एक सदरा नाही, चाळीस सदरे वाया. म्हणून असेल, घरी आली तरी तिच्या गळ्यातली टेप उतरत नाही. पडदा असो की कपाट, आधी माप, मग बोलणं. आमचे हे तिला ‘फूटपट्टी’ म्हणतात. त्यावर ती म्हणते, “दादा, फूटपट्टी बारा इंचांची. मी साठ इंचांची आहे.”

रोज सकाळी देवापुढे बसून झालं की मी वहीत चार ओळी लिहिते. गेले तीन महिने त्या ओळी तिच्या आणि चिमीच्याच आहेत. आज सगळं सलग लिहून काढते आहे, कारण यात माझी एक चूक आहे, आणि ती रोज थोडी थोडी लिहिली की लहान दिसते.

चिमी तिची मुलगी, दोन वर्षांची. जन्मापासून तिचा डावा खुबा जागेवर नव्हता. आम्हा कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. काही मुलं उशिरा चालतात, असं एकमेकींना सांगत आम्ही दिवस घालवले. मग शस्त्रक्रिया झाली, मग कमरेपासून खाली प्लास्टर, आणि आता दोन्ही गुडघे एकमेकांपासून लांब धरून ठेवणारा पट्टा. पट्टा बांधला की पोर बेडकासारखी बसते आणि आरशात बघून स्वतःलाच हसते.

तिला आठवड्यातून दोनदा व्यायाम केंद्रात न्यायचं होतं. घरापासून बसथांबा वीस मिनिटं पायी, मग बस, मग उतरून पुन्हा दहा मिनिटं. तिथे जागा मिळायला पाच महिने वाट पाहावी लागली होती. कागदावर सही घेतानाच काउंटरवरच्या बाईंनी बजावलं होतं, “तीन खाडे झाले की जागा पुढच्या मुलाला. मग कारण काहीही असो.” चिमीचे वडील, म्हणजे माझे दीर, मालवाहू जहाजावर आहेत. ते सहा-सहा महिने येत नाहीत आणि फोन लागला तर लागला. नेणं-आणणं सगळं धाकटीवर. त्या दोन दिवशी कारखान्यात उशिरा जाण्याची परवानगी ती घेऊन बसली होती.

पोर कडेवर घेऊन तीस मिनिटं चालायचं म्हणजे बाबागाडी हवीच. ती वन्संनी आणली.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आमच्या घरात मोठं काही आणायचं तर त्यांना विचारूनच, आणि त्यांनी आणलं तर कुणी विचारायचं नाही. गाडी आली ती रथासारखी. मोठाली चाकं, मऊ गादी, वर छत, खाली सामानाची जाळी, दुधाच्या बाटलीला वेगळी जागा. “माझ्या भाचीला फाटकं-तुटकं नको,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. धाकटीचा हात सवयीने गळ्यातल्या टेपकडे गेला. मी तो धरला. स्वयंपाकघरात नेऊन तिला म्हटलं, “अगं, प्रेमाने आणलेल्या वस्तूला कुणी माप लावतं का? त्या समोर बसल्यात.”

“वहिनी, बसमध्ये जाईल का तेवढं बघते.”

“जाईल गं. एवढ्या महागाची आहे ती.”

तिने टेप गुंडाळून खिशात ठेवली. कारखान्यात ती मालकाचंही ऐकत नाही. इथे माझं ऐकलं.

पहिल्याच दिवशी ती तासाभरात परत आली. चिमी गाडीत झोपलेली आणि हिचा चेहरा भिंतीसारखा.

“काय झालं?”

“दाराच्या मधोमध दांडा असतो वहिनी. गाडी अडकली. मागचे लोक ओरडायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, मिटून आणा. ही मिटायला दोन हात आणि एक पाय लागतो. पोर काय डोक्यावर ठेवू?”

“कुणाच्या तरी हातात द्यायचीस.”

“दिली एका आजोबांच्या. ते तिला घेऊन बसमध्ये चढले, मी खाली. बस हलली तशी धावत जाऊन ठोकली. मग चिमीला उतरवून घेतलं आणि आले. पुढची बस चाळीस मिनिटांनी.”

पहिला खाडा. मी म्हटलं, आज गर्दी असेल, पुढच्या वेळी देव वाट काढील. ती म्हणाली, “तुम्ही देवाला सांगा, मी ड्रायव्हरला सांगते. बघू कोण आधी ऐकतं.” दोघांनीही ऐकलं नाही. दुसऱ्या वेळी ती घरूनच गाडी मिटवून, एका हातात ती आणि कडेवर चिमी, अशी निघाली. थांब्यापर्यंतचा अर्धा रस्ता खणलेला. तिथे पोचेपर्यंत बस गेली होती. दुसरा खाडा. त्यानंतरच्या दोन खेपा तिने गाडी घरीच ठेवली आणि पोर कडेवर घेऊन गेली. खाडा टळला, पण दुसऱ्या दिवशी टेबलाशी तिचा उजवा हात थरथरायला लागला. बाह्यांचे चाळीस थर तिरके कापले गेले. तिने स्वतःच यंत्र बंद केलं आणि मास्तरांना बोलावून दाखवलं. मास्तरांनी शिव्या दिल्या नाहीत. त्याचंच तिला जास्त लागलं.

“आता दुसरी गाडी घ्यायची,” ती घरी येऊन म्हणाली, “आणि या वेळी माझा हात धरायचा नाही.”

रविवारी सकाळी ती मला आणि चिमीला घेऊन शेवटच्या थांब्यावर गेली. तिथे बसगाड्या रिकाम्या उभ्या असतात. गळ्यातली टेप काढून ती सरळ दाराशी वाकली. दांड्याच्या डाव्या बाजूला किती जागा, उजव्या बाजूला किती, पायरी किती उंच, ड्रायव्हरच्या मागच्या कोपऱ्यात काय उभं राहू शकेल, सगळं मोजून हातावर पेनने लिहीत होती. एक ड्रायव्हर चहाचा पेला घेऊन जवळ आला.

“काय बाई, बसला सदरा शिवायचाय का?”

“हो. बाह्या आखूड आहेत हिच्या, वाढवून द्यायच्यात.”

तो हसला, मग चिमीचा पट्टा त्याला दिसला. “आम्हाला वेळ गाठायची असते हो,” तो म्हणाला, “थांबलो की वरून बोलणी. तुम्ही पायरीशी येईपर्यंत गाडी मिटलेली असली ना, तर कुणी अडवणार नाही.” धाकटीने तेही हातावर लिहिलं. मग चिमीचं माप घेतलं, पट्ट्यासकट, गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत. एकोणीस इंच.

दुकानदार म्हातारा आणि बोलका होता. त्याने आधी तीन चाकांची, पळायला जाणारे लोक घेतात ती गाडी काढली. “ही गाडी नाही, विमान आहे.”

“आमच्या रस्त्यावर धावपट्टी नाही, काका.”

मग छत्रीसारखी मिटणारी एक. एवढीशी, हलकी, खांद्याला अडकवता येणारी. माझा जीव तिच्यातच अडकला. म्हटलं हीच घे. धाकटीने चिमीला बसवलं तर दोन्ही बाजूंच्या दांड्यांमध्ये तिचे गुडघे रुतले आणि पोर कळवळून रडली. आत जागा तेरा इंच. आणि चाकं इवलीशी; खणलेल्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात रुतून बसली असती. जी बसमध्ये चढेल ती रस्त्यावर चालेना, जी रस्त्यावर चालेल ती बसमध्ये मावेना, आणि दोन्ही जमलं तर चिमी बसेना. दुकानात तासभर गेला. मी मनातल्या मनात नाम घेत होते आणि मधूनमधून घड्याळ बघत होते.

शेवटी धाकटीनेच मागच्या कोपऱ्यातून एक ओढून काढली. नमुन्याला ठेवलेली, कापड उन्हाने विटलेलं. बसायची जागा सपाट, बाजूला दांडे नाहीत, म्हणजे गुडघे हवे तेवढे बाहेर. चाकं वीतभर. बाजूला एक पट्टी, ती ओढली की गाडी मिटते. तिने चिमीला डाव्या कडेवर घेतलं आणि उजव्या हाताने पट्टी ओढली. गाडी अर्धीच मिटली. पुन्हा ओढली, बोट चिमटलं. तिसऱ्यांदा मिटली. मग ती दुकानाच्या पायऱ्या चढली-उतरली, बाहेरच्या उखडलेल्या फरशांवरून चिमीला बसवून फिरवून आणली, उतारावर ब्रेक लावून हात सोडला आणि पुन्हा आत आली.

“अहो बाई,” दुकानदार वैतागला, “गाडी घ्यायचीय की तिची परीक्षा?”

“परीक्षा बुधवारी आहे, काका. नापास झाली तर माझ्या मुलीची जागा जाते.”

तो आत गेला. आतून तेलाची कुपी आणली आणि गाडीच्या बिजागऱ्यांत एकेक थेंब सोडत बसला.

बुधवारी मीही गेले. “तुम्ही नाही आहात असं समजायचं,” तिने निघतानाच बजावलं, “हात लावायचा नाही.” बस वळणावर दिसली तशी तिने चिमीला उचललं, पट्टी ओढली. गाडी मिटली नाही. माझ्या तोंडून ‘देवा’ निघालं. ड्रायव्हरने दार उघडलं होतं. तिने दात-ओठ खाऊन पुन्हा ओढली आणि गाडी घडी होऊन तिच्या हातात आली. पोर, गाडी, पिशवी घेऊन ती दांड्याच्या डाव्या बाजूने वर गेली. मीच गोंधळून खाली राहिले होते. वरून तिचा आवाज आला, “वहिनी, नाही आहात म्हणजे इथेच राहा असं नाही!” अख्खी बस हसली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण दोन आठवड्यांनी व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की सांधा आता धरतो आहे, हीच वेळ आहे, चिमीला दीड महिना रोज आणा. आठवड्याचे पाच दिवस, सकाळी अकराला. कारखान्याचे मास्तर धाकटीला म्हणाले, “दोन दिवस तुझ्या टेबलाशी मी उभा राहिलो. पाच दिवस कोण राहील?” काम सोडायचं तर पुढचे उपचार कसे व्हायचे, नाही सोडायचं तर पोरीला कोण नेणार? तिने घरी येऊन एवढंच सांगितलं आणि कांदा चिरायला घेतला. मी म्हटलं, “मी नेईन.”

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “तुम्ही बसने एकट्या कधी गेलात?”

“देव असतो बरोबर.”

“देवाला गाडी मिटता येते का?”

मग शिकवणी सुरू झाली. दिवाणखान्यात मी उभी, कडेवर चिमी, समोर गाडी. “हं. पुन्हा. कोपर आत घ्या. पुन्हा. ओढायची आहे वहिनी, कुरवाळायची नाही.” मी जप मोजते तशी मोजत होते, एकवीस वेळा झाल्यावर ती म्हणाली, “चालेल.” तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

त्याच रविवारी वन्सं आल्या. त्यांची गाडी गॅलरीत चादरीखाली होती. दाराशी ही विटकी गाडी बघून त्या म्हणाल्या, “ही बाबागाडी आहे की घडीची खुर्ची? माझी डोळ्यांत खुपली वाटतं.” धाकटी उत्तर द्यायला वळली, तेवढ्यात मी म्हटलं, “वन्सं, ती त्या दिवशी माप घेणार होती. मीच अडवलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. त्यात चिमीचे दोन खाडे झाले.” त्यांनी चहा अर्धाच घेतला. जाताना चिमीचा पापा घेतला, आमच्याशी बोलल्या नाहीत. अजून बोलत नाहीत. फोन यांच्याच नावाने येतो.

सोमवारपासून मी जाते. एकदा गाडी मिटली नाही आणि बस गेली. मी थांब्यावर चिमीला पोटाशी धरून रडले आणि पुढच्या बसने उशिरा पोचले. काउंटरवरच्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि खाडा लावला नाही. घरी धाकटीला सांगितलं. रात्रीच्या भांड्यांआधी तिने गाडी माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाली, “हं. पुन्हा.”

काल चिमी उभी राहिली.

संध्याकाळी धाकटी दारात चपला काढत होती तेव्हाच मी सांगितलं. ती तशीच वाकलेली राहिली.

“किती वेळ?”

“चार मोजेपर्यंत. बाईंनी मोजलं.”

“हळू की भराभर?”

“हळू.”

“कशाला धरून?”

“बाकाला. मग एक हात सोडला म्हणाल्या.”

“म्हणाल्या? तुम्ही नव्हतात?”

“होते गं. समोरच होते.” मला सांगताना लाज वाटली. “ती उभी राहतेय असं दिसलं आणि माझे हात जोडले गेले. डोळे मिटले. उघडले तेव्हा बाई चार म्हणत होत्या आणि ती खाली बसत होती.”

धाकटी सरळ उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल. तिचा हक्कच होता; जे बघायला तिने जायचं ते बघायला मला पाठवलं, आणि मी डोळे मिटून बसले.

“कुठला हात सोडला, तेही बघितलं नसेल मग.”

“नाही.”

तिने टेप गळ्यातून काढून खुंटीला लावली, मोरीत गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल. चिमीला मांडीवर घेऊन तिचा डावा पाय चोळता चोळता म्हणाली, “उद्या डोळे उघडे ठेवा वहिनी. नमस्कार मागाहून करा. देव थांबेल तेवढा.”

आज देवापुढे बसले तेव्हा त्याला हेच सांगितलं. आता साडेनऊ झालेत. चिमीला पट्टा बांधून निघायचं आहे.