वाढदिवसाचा पहिला घास

कुठल्याही हॉटेलात जायचं ठरलं की घरातले सगळे मेन्यू बघतात आणि मी फोनवर बघते, तिथून सगळ्यात जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे. नवरा म्हणतो, तू जेवायला येतेस की ॲडमिट व्हायला? म्हणू दे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही, पण माझा ब्रह्मराक्षस मी डोळ्यांनी बघितलेला आहे. तो बोटाएवढा होता, गुलाबी होता आणि सोलून, हळद-तिखट लावून कालवणात पडलेला होता.

मुलगी चार वर्षांची असताना बदलापुरात, आमच्या खरवईच्या घरापासून चालत जाण्याजोग्या एका मालवणी खानावळीत, तिने कोलंबीच्या कालवणात कालवलेल्या भाताचे दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला तिचे ओठ सुजले होते. नंतर डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, कोलंबी, खेकडा, शिंपल्या, कवच असलेलं काहीही हिला द्यायचं नाही, आणि पुढच्या वेळी याहून जास्त होऊ शकतं, हे लक्षात ठेवा. माझ्या लक्षात फक्त तेवढंच राहिलं आहे. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. पर्समध्ये औषधाची बाटली असते, दर महिन्याला तिच्यावरची मुदत वाचते आणि शाळेत कोणाच्या डब्यातलंसुद्धा काही खाऊ नकोस म्हणून रोज सकाळी तिचं डोकं खाते.

माझ्या सासऱ्यांना हे सगळं थोतांड वाटायचं. माणूस मूळचा चिपळूणकडचा. उभी हयात अंबरनाथला आनंदनगरच्या कारखान्यात गेली, पण जीभ गावच्या खाडीतच राहिली. "अगं, आमच्याकडे पोरं दुधाच्या दातांनी खेकडे फोडतात," ते म्हणायचे. "कोकणातल्या पोरीला कोलंबी बाधते म्हणजे काय? हा तुझ्या घाटावरच्या रक्ताचा गुण." मी साताऱ्याची, त्यामुळे घरात जे काही बिघडेल ते घाटावरून आलेलं असायचं. मी हसून सोडून द्यायचे. नातीवर मात्र त्यांचा जीव होता. डाळिंब सोलायला बसले की एकही दाणा स्वतःच्या तोंडात टाकत नसत.

नववा वाढदिवस रविवारी आला आणि पोरीने जाहीर केलं, जपानी हॉटेलात जायचं. जपानी कार्टून बघून बघून तिला तिथल्या डब्यात काय काय असतं ते पाठ झालं होतं. दोन पेन्सिली बोटांत धरून ती आठवडाभर शेंगदाणे उचलत होती. उल्हासनगरला एक जपानी हॉटेल नवीनच निघालं होतं. जपानी म्हणजे समुद्र, आणि समुद्रात काय काय असतं ते मला माहीत होतं. पण हॉस्पिटल चार मिनिटांवर निघालं आणि मी हो म्हणाले.

सकाळी औक्षण झालं आणि बारा वाजता आम्ही चौघं तिथे पोचलो. हॉटेल एका सिंधी कुटुंबाचं होतं. दारात लाल कागदी कंदील, आत झुलेलालची तसबीर, मेन्यूत पनीरची सुशी आणि जैन सुशीचं वेगळं पान. हे बघून मला जरा धीर आला. मालकीणबाई गल्ल्यावर होत्या. मी खुर्चीवर बसण्याआधी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी कंटाळा केला नाही. "भाभी, आप बेफिकर बैठो," त्या म्हणाल्या. "बच्ची का सब अलग कढाई में, अलग तेल में. मैं खुद किचन में खडी रहती हूँ." आणि त्या खरोखरच उठून आत गेल्या.

इकडे टेबलावर माझ्या नवऱ्याने बापासाठी तळलेली कोलंबी मागवून टाकली होती.

"अहो, एकाच टेबलावर?" मी हळू आवाजात विचारलं.

"बाबा पलीकडच्या टोकाला बसतील ना. त्यांनी काय कच्चा मासा खायचा का? वर्षातून एकदा बाहेर येतात."

सासऱ्यांनी शेजारच्या टेबलावरची सुशी तेवढ्यात न्याहाळून घेतली होती. "भात गार, मासा कच्चा. चूल विझली होती काय यांची?" पोरगी खदाखदा हसली. मीही हसले, पण माझं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. दार उघडलं की मी मान उंचावून आत बघायचे.

ताटल्या आल्या. पोरीची वेगळी, तिच्यावर ओळखायला म्हणून छोटा कागदी झेंडा टोचलेला. त्यात गाजर, बटाटा, भोपळी मिरची, पातळ पिठात बुडवून तळलेली. सासऱ्यांची ताटली टेबलाच्या त्या टोकाला. पीठ तेच, रंग तोच. मी दोन्ही ताटल्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि मध्ये पाण्याचा जग आणून ठेवला.

आमच्याकडे वाढदिवसाच्या दिवशी पहिला घास घरातलं सगळ्यात मोठं माणूस भरवतं. औक्षणाइतकंच ते महत्त्वाचं. या घासाला नाही म्हणायचं नसतं आणि मध्ये कोणी बोलायचंही नसतं. सासरे उठले, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीशी आले. उजव्या हाताच्या चिमटीत त्यांनी काहीतरी धरलं होतं, नखाएवढं, पिठाच्या तुकड्यासकट. "चल, आ कर, उदंड आयुष्याची हो," ते म्हणाले.

"थांबा थांबा, फोटो," नवरा फोन काढत म्हणाला. "बाबा, इकडे बघा. हात तसाच ठेवा."

हात तिच्या तोंडासमोर तसाच थांबला. मी ते बघितलं. पिठातून डोकावणारी कड गुलाबी होती. मला वाटलं, गाजर असेल. गाजर नारिंगी असतं हे मला माहीत होतं. तरी मी मनाशी म्हटलं, तळल्यावर रंग बदलत असेल, दिव्याचा उजेड असेल. नाहीतर मला भर हॉटेलात, वाढदिवसाच्या दिवशी, सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांच्या हातावर हात मारावा लागला असता, आणि ते गाजर निघालं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. पोरगी फोनकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

फोटो निघाला. तिने घास खाल्ला.

"बघ, काही झालं का?" सासरे माझ्याकडे वळून म्हणाले. "एवढीशी कोलंबी होती. आता जाईल तिची भीती."

मी तिचं तोंड उघडून बोट घातलं, पण घास गेला होता. औषध पाजलं. नवरा म्हणत होता, थांब, नाही होणार काही, नखाएवढं तर होतं. पाच मिनिटं झाली नसतील, ती म्हणाली, "आई, घसा कसातरीच होतोय." मग खोकला. मग गळ्यावर गांधी उठल्या, मानेवरून कानापर्यंत, माझ्या डोळ्यांदेखत. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

मालकीणबाई पळत आल्या. पोरीकडे एकदा बघून त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "पूछो मत, बैठो," एवढंच म्हणाल्या. चार मिनिटांचा रस्ता रविवारच्या बाजारातून होता. हातगाड्या, कपड्यांची गाठोडी, स्कूटर. त्या हॉर्नवरचा हात काढत नव्हत्या. मी पोरीला मांडीवर घेऊन तिचे श्वास मोजत होते आणि प्रत्येक श्वासानंतर पुढचा येतो की नाही याची वाट बघत होते. नवरा माझ्या शेजारी होता, सासरे पुढच्या सीटवर. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

हॉस्पिटलात मांडीत इंजेक्शन दिलं, नाकावर मास्क लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू. सासरे भेटेल त्याला सांगत होते, "माझ्या हातून झालं. मी भरवलं." नर्सला, डॉक्टरांना, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलालासुद्धा. मी त्यांना बोलू दिलं. एकदाही म्हटलं नाही की जाऊ द्या बाबा. उलट मनात एकेक वाक्य धार लावून ठेवत होते. घाटावरच्या रक्ताचं काय ते आज होऊनच जाऊ दे, असं ठरवलं होतं. ते कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसले, आणि मी पोरीला बरं वाटायची वाट बघत बसले, म्हणजे मला बाहेर जाऊन भांडता येईल.

चारच्या सुमाराला मास्क काढला. गांधी उतरल्या होत्या. तिने पाणी मागितलं. माझ्या जिवात जीव आला, आणि जीव आला तसा रागही आला.

"तुला कळलं नाही का गं, कोलंबी आहे ते?" मी विचारलं. "वास तरी आला असेल."

"कळलं होतं."

"मग तोंड का उघडलंस?"

तिने जरा विचार केला. घसा अजून बसलेला होता. "तू बघत होतीस ना," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे बघितलं. तू काहीच नाही म्हणालीस. मला वाटलं, आज चालतं."

मी तिला सांगितलं की नाही चालत. कधीच नाही चालत, आणि मी गप्प बसले तरी नाही चालत. तिने बरं म्हटलं आणि डोळे मिटले.

मी बाहेर आले. सासरे बाकाच्या मधोमध बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मला बघून उभे राहिले आणि पुन्हा तेच सुरू झालं, "माझ्या हातून..."

"बाबा," मी म्हटलं, "मी बघितलं होतं."

त्यांना लगेच कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, फोटो काढेपर्यंत हात थांबला होता तेव्हाच मला दिसलं होतं, आणि मी बोलले नाही. ते पुन्हा खाली बसले. मग बाकावर थोडे सरकून त्यांनी मला बसायला जागा केली.