सगळ्यांचे वाचून झाले का?

देवाचे निर्माल्य साठते तसे ऑफिसातले किस्से साठतात. रोज ओंजळभर, त्या त्या दिवशी काही वाटत नाही. ऑन्टारियोतल्या नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोत राहणाऱ्या माणसाला हिवाळाभर निर्माल्य बाल्कनीतल्या डब्यात ठेवावे लागते, कारण बाहेरची जमीन गोठलेली असते. मे महिन्यात तो डबा उघडला की एवढी पूजा आपणच केली का, असा प्रश्न पडतो. निर्माल्याचे निदान खत होते. किश्श्यांचे काहीच होत नाही, म्हणून हा डबा तुमच्यापुढे उघडतो आहे. देवपूजा आणि प्रोग्रॅमिंग, ही दोनच कामे मी आयुष्यभर केली. पहिल्यात माझ्यावर मॅनेजर नव्हता.

*

निवृत्तीपूर्वी मी ज्या लायब्ररीवर काम करत होतो, तिच्यात पुस्तके नव्हती, इतर प्रोग्रॅमना वापरायला तयार करून ठेवलेला कोड होता. एका प्रोग्रॅमच्या पोटात एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. त्यांना थ्रेड म्हणतात. हे सारे थ्रेड एकच माहिती वाचत असतात आणि मध्येच कोणाला तरी ती बदलायची असते. जुनी रीत अशी, की बदलणाऱ्याने दाराला कुलूप लावायचे आणि वाचणाऱ्यांनी बाहेर ताटकळायचे. आमच्या लायब्ररीत कुलूप नव्हते. बदलणाऱ्याने वेगळी प्रत काढावी, तीत दुरुस्ती करावी आणि ती पुढे ठेवावी. नवे येतील ते नवी वाचतील. ज्यांच्या हाती जुनी आहे त्यांना ती निवांत वाचू द्यावी आणि त्यांतला शेवटचा उठला, की मगच जुनी टाकून द्यावी. वाट पाहायची ती टाकणाऱ्याने, वाचणाऱ्याने नव्हे.

आमचा मॅनेजर मंदार पुण्याचा, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाचा. एका मोठ्या कस्टमरपुढे या लायब्ररीचा डेमो उत्तम झाला, की त्याला डायरेक्टरची खुर्ची मिळणार होती. ही गोष्ट त्याने कधी लपवली नाही. आम्हाला विसरूही दिली नाही. त्याने माझे सारे म्हणणे मान डोलावत ऐकले आणि एक देखणी स्लाइड केली. तीत शेवटची पायरी गाळलेली होती.

"मंदार, वाट पाहण्याचा भाग कुठे गेला?"

"तो स्लाइडवर नको, काका. कस्टमरला वेटिंग आवडत नाही."

*

माझ्या पत्नीने, सुधाने, एकदा विचारले, "अहो, तुम्ही सगळे मिळून दिवसभर करता तरी काय?"

मी तिला आमच्या शनिवारच्या भजनाचा दाखला दिला. भजनाच्या जुन्या पुस्तिकांत चुका फार, म्हणून तिने नव्या छापून आणल्या होत्या. पण गाणाऱ्यांच्या हातून जुन्या हिसकावल्या नाहीत. नव्या दाराशी ठेवल्या; येणारे त्या उचलत गेले. ज्यांचा अभंग जुन्यावरून चालू होता त्यांचा तो पुरा होऊ दिला आणि मग जुन्या गोळा केल्या.

"आम्ही हेच करतो," मी म्हणालो.

"एवढंच? मग त्याला इंजिनिअर कशाला लागतात?"

"ज्यांना धीर नसतो त्यांना थांबवायला."

"आणि मॅनेजर?"

या प्रश्नाचे उत्तर मला निवृत्तीपर्यंत सापडले नाही.

*

आमच्या टीममध्ये रोहन नावाचा एक तल्लख तरुण होता, नागपूरचा. त्याने एके दिवशी वाट पाहणारी ती एक ओळच प्रोग्रॅममधून काढून टाकली. वेग एकदम वाढला. मंदारने वरिष्ठांना मेल पाठवली. तीत रॉकेटचे चित्र होते.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम कोसळू लागला. ज्या जागेतून एक थ्रेड वाचत होता, ती जागा त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कामाला दिली गेली होती. विमानाची वेळ म्हणून वाचायला घेतलेल्या ओळीच्या शेवटी कोणाची तरी जन्मतारीख निघाली.

मी रिव्ह्यूमध्ये एवढेच विचारले, "जुनी प्रत टाकण्यापूर्वी सगळ्यांचं वाचून झालं होतं का?"

"झालंच असेल ना काका. असा किती वेळ लागते वाचायला?"

"रोहन, 'असेल' या शब्दावर देवावरची श्रद्धासुद्धा टिकत नाही. मेमरी कशी टिकेल?"

मंदार मध्येच म्हणाला, "पण रॉकेट ऑलरेडी गेलंय वरती. ते परत कसं आणायचं?"

*

यानंतर उलटा रोग झाला. एक थ्रेड 'मी वाचतो आहे' असे जाहीर करून आत शिरला आणि प्रत हातात धरून झोपी गेला. त्याचे वाचन संपेना, म्हणून जुन्या प्रती टाकता येईनात. त्या साठत गेल्या आणि मशीनची मेमरी तुडुंब भरली.

आमची सहकारी हेदर ऑन्टारियोच्या खेड्यात वाढलेली. तिला मी हे समजावले. ती शांतपणे म्हणाली, "ओह, माय ब्रदर-इन-लॉ. ही टेक्स द न्यूजपेपर इन टू द वॉशरूम अँड फॉल्स अस्लीप."

इतके नेमके विवरण मी कोणत्याही परिषदेत ऐकलेले नाही.

मंदारने मात्र त्या स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या पंधरवड्याच्या, बैठकीत तोडगा काढला. "टाइमआउट लावू. ठरलेल्या वेळात वाचून झालं नाही, तर प्रत सरळ काढून घ्यायची."

"आणि ज्याच्या हातून काढून घेतली, त्याने पुढची ओळ कुठून वाचायची?"

मंदारने क्षणभर विचार केला. मी आशेने पाहत राहिलो.

"ते नेक्स्ट स्प्रिंटमध्ये बघू," तो म्हणाला.

*

एक किस्सा माझ्यावरचाही सांगितला पाहिजे, नाहीतर मंदार म्हणेल की काकांनी सोयीचे तेवढेच सांगितले.

वाट पाहणारी ती ओळ पुन्हा कोणी काढू नये म्हणून मी तिच्या डोक्यावर इंग्रजीत एक टीप लिहिली. टिपेत आधी वाचकाला वंदन होते, मग विषयाची थोरवी, मग अधीरतेचे दुष्परिणाम आणि अखेरीस हात जोडून विनंती. ओळ एक आणि तिच्यावरची टीप पानभर.

रोहन म्हणाला, "काका, तुमची टीप वाचून होईपर्यंत सगळ्या थ्रेडचं वाचून होते."

हेदरने ती दोनदा वाचली आणि अदबीने विचारले, "इज धिस अ प्रेयर?"

"अ वॉर्निंग," मी म्हणालो. "बट यू मे प्रे इफ यू विश."

मंदारने टीप वाचली नाही. लांब होती.

*

मग माझ्या निरोपाचा दिवस आला. केक आला, भाषण झाले. मंदारने मला 'आपल्या टीमचा वारसा' म्हटले. सॉफ्टवेअरमध्ये जी वस्तू टाकायची ठरलेली असते तिला 'लेगसी', म्हणजे वारसा म्हणतात.

डेमो पुढच्याच आठवड्यात होता. तो डेमो आपली सारी माहिती ऑफिसातल्या माझ्या खात्यातल्या एका फोल्डरमधून वाचत असे. म्हणून मी मंदारला बाजूला घेऊन म्हणालो, "माझं खातं डेमो झाल्यावरच बंद कर. त्यातून अजून वाचन चालू आहे."

"काका, पॉलिसी आहे. माणूस गेला की खातं उडवायचं. डायरेक्टरच्या इंटरव्ह्यूत मला 'ऑफबोर्डिंग वेळेत' असं दाखवायचंय."

"मग निदान त्या फोल्डरची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे ते तरी ऐकून घे."

"नेक्स्ट स्प्रिंटमध्ये बघू ना."

"नेक्स्ट स्प्रिंटमध्ये मी नाही."

"केक घ्या, काका," मंदार म्हणाला.

*

निवृत्त झाल्यावर मी पारायणाला बसलो. पोथी उघडली की अध्याय पुरा होईपर्यंत आसनावरून उठायचे नाही आणि मध्ये बोलायचे नाही, ही आमच्या घरची शिस्त. सुधाची शिस्त माझ्याहून कडक.

डेमोच्या सकाळी नुकताच अध्याय सुरू केला होता, तेवढ्यात फोन वाजला. सुधाने घेतला. हात निरांजनाच्या तुपाने माखलेले, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"काकू, मंदार बोलतोय, मीटिंग रूममधून. काकांना द्या ना पटकन. त्यांचं खातं आत्ता उडालं आणि डेमो मध्येच पडला. कस्टमर समोर बसलेत."

"ते पोथी वाचतायत."

"फक्त दुसरी प्रत कुठे आहे तेवढं सांगू देत. एका वाक्याचं काम आहे. काकू, माझं डायरेक्टरचं सगळं यावर आहे हो."

सुधाने माझ्याकडे पाहिले. माझे बोट ओळीवर होते आणि ओळ अध्यायाच्या आरंभी होती.

"त्यांचं वाचून झालं की सांगतील."

"मध्येच थांबवता नाही का येणार?"

"वाचणाऱ्याला थांबवायचं नसतं, बाळा. इतकी वर्षं तुम्ही तेच तर विकताय."

"मग मी काय करू?"

"थांब."

तिने फोन देवापुढे उदबत्तीच्या घराजवळ ठेवला आणि तुपाचे हात धुवायला आत गेली. मी वाचत राहिलो. स्वर एरवीपेक्षा चढवला नाही, उतरवलाही नाही. पलीकडे खुर्च्या सरकल्या, कोणीतरी खाकरले, मग सारे शांत झाले. बऱ्याच ओव्यांनंतर एक अनोळखी आवाज आला, मोठा सभ्य.

"एक्स्क्यूज मी. इज धिस पार्ट ऑफ द डेमो?"

उत्तर हेदरने दिले.

"येस. द वेटिंग पार्ट. इट वॉजन्ट ऑन द स्लाइड."