रडायला शिकलेलं मंडळ

कोऱ्या कापडाला एक वास असतो, खळीचा, किंचित आंबूस. जुन्या जालन्यात मस्तगडच्या बाजूला कापडाच्या एका ठोक दुकानावर जी खोली आहे, तिच्या जिन्यात तो वास बारा महिने मुरलेला असतो. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी, खालचं शटर अर्धंच वर गेलेलं असताना आणि कोवळ्या उन्हाची तिरपी पट्टी पायऱ्यांवर नुकती उतरू लागलेली असताना, तो वास नाकात शिरला की मला वाटतं, वर कोणीतरी आपली वाट पाहत आहे. आणि खरोखरच कोणीतरी पाहत असतं.

त्या खोलीत आमचं मंडळ भरतं. पाटीवर 'मानवतावादी मंडळ' असं ठसठशीत लिहिलेलं आहे, पण गल्ली आम्हाला 'रविवारवाले' म्हणते आणि तेच नाव आम्हाला अधिक शोभतं. शाळेत शिकवणाऱ्या साळवे मॅडम, शिवणकाम करणारे पवार टेलर, निवृत्त पोस्टमास्तर देशमुखकाका, दवाखान्यात नर्स असलेली शबाना, आणि अशीच आणखी काही. जातीनं, पोथीनं, पगारानं कुठंच न जुळणारी ही माणसं, माणसानं माणसाच्या उपयोगी पडावं आणि त्यासाठी वरून कोणाची चिठ्ठी लागू नये, एवढ्या एका गोष्टीवर एकत्र येतात. बाकी प्रत्येक गोष्टीवर भांडतात. कोणाला रक्त हवं असलं की वाद अर्धा टाकून उठतात, कोणाचं नोंदणी लग्न असलं की साक्षीला उभी राहतात, आणि परत येऊन वाद नेमका सोडला होता तिथून सुरू करतात. माझे यजमान माधवराव, विज्ञानाचे शिक्षक आणि म्हणून सगळ्यांचे 'सर', हे या मंडळाच्या पहिल्या चार टाळक्यांपैकी एक. मी जिना चढले ती त्यांच्यामागून, थर्मास घेऊन. आणि मग त्या खोलीनं मला कधी आपलंसं केलं ते माझं मलाच उमगलं नाही.

या भल्या माणसांना एकच गोष्ट जमत नसे, ती म्हणजे दुःख दाखवणं. कर्मकांड टाकता टाकता त्यांनी हुंदकाही त्याच गाठोड्यात बांधून टाकला होता. कोणी गेलं की उभं राहायचं, मान खाली, दोन मिनिटं स्तब्धता. देशमुखकाका घड्याळ बघायचे, मग 'त्यांचे विचार पुढे नेऊ या' असं कोणीतरी म्हणायचं, आणि मंडळी शांतपणे जिना उतरायची. सरांना हा संयम फार प्रिय होता. 'माझ्यामागं रडारड नको,' हे ते चहाचा कप खाली ठेवता ठेवता इतक्या सहज म्हणायचे, की दूध उतू जाऊ देऊ नकोस असंच काही सांगत आहेत असं वाटावं.

त्यांची आई, माझ्या आत्याबाई, परतूरजवळच्या खेड्यात कापूस-ज्वारीच्या शिवारात आयुष्य काढून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या जिन्याच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. मंडळाला त्या 'माधवाचे लोकं' म्हणत, आणि त्या म्हणण्यात कौतुक किती आणि कुरकुर किती हे त्यांच्या तोंडावरून कधी कळत नसे. देव्हाऱ्यापुढे त्यांचा दिवा लागे, सर त्या दिव्याला तेल आणून देत, आणि मायलेकांचं त्यावरून एका शब्दानं बिनसलेलं मी पाहिलं नाही.

पौषातल्या एका सकाळी, अंगणात ऊन खात बसलेले सर खुर्चीतच एका कुशीला कलले. पुढचं सगळं मला धुक्यातून पाहिल्यासारखं आठवतं. देहदानाची त्यांची इच्छा सगळ्यांना ठाऊक होती. मंडळानं मला एका कागदासाठीही खुर्चीवरून उठू दिलं नाही. वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली, पवार टेलरांनी आपल्या हातानं शिवलेली पांढरी चादर त्यांच्यावर घातली, आणि गाडीचं दार लागलं. उंबऱ्यात बसलेल्या आत्याबाई त्या दाराकडे बघत राहिल्या. सरण रचलं गेलं नाही, धूर उठला नाही, राख सावडायची नव्हती. जन्मभर ज्या पायऱ्यांवरून माणसं दुःख उतरताना त्यांनी पाहिली होती, त्यातली एकही पायरी त्यांच्या वाट्याला आली नाही.

दुपारी रविवारवाले पुन्हा आले. भिंतीला टेकून रांगेनं बसले, मग उभे राहिले, मान खाली, दोन मिनिटं. सरांना हवं होतं अगदी तसंच. मीही दातांत पदर धरून उभी होते. त्यांचा शेवटचा शब्द आपण मोडायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. आत्याबाई मात्र एकेकाचा चेहरा निरखत होत्या, शेतात काही पडलं असावं आणि ते शोधावं तशा.

गावाहून धाकटे भाऊजी आले होते. मनानं सरळ माणूस, पण त्यांचा धीर सुटला होता. 'वैनी, आग न्हाई, राख न्हाई, कावळ्याला घास न्हाई,' ते म्हणाले, 'आईनं इथं कशाच्या आधारानं राहायचं? रविवारी गाडी घेऊन येतो. आईला नेतो.' ते रागावले असते तर मी भांडले असते. पण ते रडत होते. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

आत्याबाईंनी जेवण सोडलं नव्हतं, पण घास हातातच राही. सुतक पाळणाऱ्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी आणून पुढ्यात बसून खाऊ घालतात. आमच्याकडे नातलगांनी पाठ फिरवलेली, आणि मंडळानं घरच्यांना त्रास नको म्हणून मुद्दाम येणं थांबवलेलं. मीच खिचडी टाकत होते. शुक्रवारी ताट सरकवून आत्याबाई म्हणाल्या, 'सुमन, एक विचारू? माधवानं या लोकायसाठी जीव टाकला. एवढे आल्ते, त्यातल्या एकाच्या डोळ्याला पाणी न्हाई. माझा लेक कोणालाच नको होता का गं?'

घर रिकामं होणार याची भीती होतीच. मुलगी दोन दिवस राहून पुण्याला परतलेली, तिचं तिचं जग. पण त्याहून वाईट हे होतं, की या पृथ्वीवर ज्या एका माणसाचं दुःख माझ्या दुःखाला लागून होतं, ते माणूस असं समजून गावी निघालं होतं की आपला लेक कोणालाही प्रिय नव्हता. मी साळवे मॅडमना गाठलं आणि जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या. 'आम्हाला वाटलं, आपण बराबर वागून राह्यलो,' त्या म्हणाल्या. 'सरांचं ऐकलं. मायचं कोणी ऐकलंच न्हाई.'

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मंडळ बोलावलं. मी तिथं नव्हते, पण पुढं ती हकिकत मी इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की आता मला ती पाहिल्यासारखीच वाटते. मोठ्यानं रडणं ही रूढी म्हणायची की भावना, यावर तिथं खरोखरच चर्चा झाली. देशमुखकाकांचं म्हणणं पडलं, की सरांच्या इच्छेचा भंग होता कामा नये. तेव्हा कधी न बोलणारे पवार टेलर उठले. 'काका, मी चार दिवस झाले मशीनवर बसून रडून राह्यलो,' ते म्हणाले. 'बायको म्हणते, कापड भिजवू नका. ते तुम्हाला चालतं का न्हाई ते सांगा.' त्यानंतर चर्चा झाली नाही. उद्याची सभा सरांच्या घरी, आणि प्रत्येकानं आपल्या घरची भाकरी बांधून आणायची, एवढंच ठरलं.

रविवारी सकाळी भाऊजींची गाडी दारात उभी होती. आत्याबाईंची पेटी ओट्यावर आली होती, आणि लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन त्या चपला शोधत होत्या. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी रविवारवाले दिसले. हातात डबे, फडक्यात बांधलेल्या भाकरी, आणि चेहऱ्यांवर परीक्षेला निघालेल्या पोरांचा अवघडलेपणा. दाराशी येऊन सगळे थबकले, कारण पुढं काय करायचं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. मग साळवे मॅडम एकट्या पुढं झाल्या. डबा माझ्या हाती दिला, सरळ आत्याबाईंपाशी गेल्या, त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाल्या, 'माय, आमचा माणूस गेला गं.'

आत्याबाईंच्या छातीतून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. आमच्याकडच्या बाया रडतात ते गेलेल्याला हाक घालत, त्याचे गुण एकेक करून सांगत. ते रडणं असतं आणि सांगणंही असतं. 'माझ्या माधवा रे, सायकलीवर शाळेला जाणाऱ्या राजा रे,' आत्याबाईंनी सूर धरला, आणि साळवे मॅडमनी, एवढ्या शिकलेल्या, सभेत मुद्देसूद बोलणाऱ्या बाईनं, त्याच सुरात उत्तर दिलं, 'माझ्या लेकीच्या लग्नात बाप होऊन उभा राहिलास रे.' शबाना हुंदके देत होती. पवार टेलर भिंतीकडे तोंड करून उभे होते. देशमुखकाकांनी चष्मा काढला आणि तो पुसायचाच विसरून गेले. मी मात्र कोणाकडे बघत होते ते पुढं पुढं मला दिसेना. सरांचा शब्द माझ्याकडून मोडला, आणि तो मोडताना मला जे हलकं वाटलं त्यासाठी मी या माणसांचे उपकार जन्मभर फेडू शकणार नाही.

सूर हळूहळू ओसरला. आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, 'आता घरातलं माणूस गेल्यासारखं वाटून राह्यलं.' मग जमिनीवर बसल्या. पिठलं, मिरचीचा ठेचा, शेपूची भाजी आणि वेगवेगळ्या घरच्या ज्वारीच्या भाकरी, कुठं जाड, कुठं पातळ, कडेला करपलेल्या. ज्या गावात साळवे मॅडमच्या लोकांची वस्ती शिवाराच्या कडेला आणि पाण्याची घागर वेगळी, त्या गावात आत्याबाईंची हयात गेली होती. त्यांनी मॅडमच्या डब्यातली भाकरी उचलली, चतकोर मोडली आणि खाल्ली. मॅडम त्यांच्या ताटात ठेचा वाढत राहिल्या.

भाऊजी ओट्यावर बसून हे सगळं पाहत होते. थोड्या वेळानं त्यांनी पेटी स्वतःच उचलून आत ठेवली. गावी जाऊन त्यांनी दहाव्याला आपल्या समाधानासाठी कावळ्याला घास ठेवला. ते कळल्यावर मंडळात कोणीही त्यावर वाद घातला नाही, आणि आमच्या मंडळाच्या दृष्टीनं ही गोष्ट लहान नव्हे. आत्याबाईंचा दिवाही आमच्या घरी रोज लागतो. तेल आता मी आणते.

फाल्गुन लागला तेव्हा शहराबाहेरच्या मोसंबीच्या बागांचा गंध वाऱ्याबरोबर पार गल्लीपर्यंत येत होता. अशाच एका सकाळी साळवे मॅडमचा फोन आला. पवार टेलरांची बायको, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली, पहाटे गेली होती. फोन ठेवून मी उभी राहिले. जायचं, पण जाऊन त्या माणसाशी बोलायचं काय, हे मला सुचेना. मागं वळून पाहते तो आत्याबाई चपला घालून, काठी घेऊन दारात तयार. सकाळी भाजलेल्या दोन भाकरी टोपलीत होत्या, त्या त्यांनी कधीच फडक्यात बांधल्या होत्या.

'चल जल्दी,' त्या म्हणाल्या. 'ते लोकं पुन्हा गप बसून राह्यतील.'

रिक्षा जुन्या जालन्याच्या बोळांतून, धान्याच्या पोत्यांना आणि उभ्या दुचाक्यांना चुकवत चालली होती. आत्याबाईंनी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं; तिची गल्ली वेगळी, तिचं दैवत वेगळं, तिचं यांच्याशी नातं असं काहीच नव्हतं. या म्हाताऱ्या बाईच्या आत जे जागं झालं होतं त्याला आमच्या पाटीवरचा 'मानवतावादी' हा शब्द लावावा की नाही, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही. तेवढ्यात त्यांनी माझा हात दाबला.

'तिचं नाव काय होतं गं?'

'कशाला आत्याबाई?'

'नाव ठाऊक नसलं तर रडू कसं?'

'शोभा,' मी म्हणाले. आणि घर येईपर्यंत त्या ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणत राहिल्या.