नाव कापलेले प्रश्न

"नाव तेवढं सांगा, बाकी मी बघतो."

"नाव सोडून काहीही विचारा, साहेब."

हे भांडण मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. भांडण तरी कसलं, भांडत एकटाच माणूस होता. माझे धाकटे दीर चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला मी त्यांच्या ऑफिसात गेले होते. आतून असे आवाज आले की शहाण्या बाईनं परत फिरावं. मी जिन्याच्या कठड्याला टेकले आणि नीट ऐकलं.

भाऊजी कॉलेजांच्या हिशेबनिसांच्या संघात कारकून होते. माहेरचे विचारायचे, म्हणजे नक्की काय करतात? मी सांगायचे, कॉलेजात शिकवणारे वेगळे आणि पैसा कुठून आणायचा, कुठे लावायचा हे बघणारे वेगळे. प्रत्येक कॉलेजात असा एक जण कपाटांच्या मागे बसलेला असतो. तो अडला तर विचारणार कोणाला? प्राचार्यांना विचारावं तर ते म्हणणार, मग तुम्हाला ठेवलंय कशाला. म्हणून शंभरेक कॉलेजांनी मिळून हा संघ काढला होता. वर्षाला वर्गणी, वर्षाला एक सभा आणि महिन्याला एक पत्रक. पत्रक म्हणजे आमचे भाऊजी.

सभासद पत्रानं प्रश्न विचारायचे. भाऊजी नियमांची पुस्तकं उघडून, दोन-चार जाणत्यांना फोन करून उत्तर तयार करायचे. विचारणाऱ्याला आधी पत्र पाठवायचे. मग कात्री घेऊन प्रश्नाच्या कागदावरचा वरचा पत्ता आणि खालची सही कापायचे. उरलेला कागद बिस्किटांच्या डब्यात, पट्ट्या माझ्या शेगडीत. आमच्या घरचं निम्मं पाणी मोठमोठ्या साहेबांच्या सह्यांवर तापलंय. पत्रकात प्रश्न छापला जायचा तो नावाशिवाय, म्हणून सभासद भाऊजींनाच 'निनावी' म्हणायचे.

"आपल्याला येत नाही हे माणूस एकदा सांगतो, वहिनी," ते म्हणायचे. "चारचौघांत नाव निघालं की पुन्हा नाही सांगत. मग चूक आपली वाढत बसते."

पत्रकांच्या घड्या मी घालायचे. शाळा माझी तिसरीत सुटली, पुढची त्या पत्रकांनी केली. अजून मला गोष्टीच्या पुस्तकापेक्षा नियम लवकर वाचता येतो.

तर त्या महिन्याचा प्रश्न असा होता. एका दात्यानं कॉलेजला फक्त ग्रंथालयासाठी पैसे दिले, ते फाटकावरच्या कमानीला लागले, आता काय करावं? भाऊजींचं उत्तर सरळ होतं. दात्याला लेखी कळवा आणि ग्रंथालयाचे पैसे हप्त्यानं परत घाला. पण संघाचे अध्यक्ष ज्या कॉलेजचे हिशेब बघायचे, तिथेच नुकतीच कमान उभी राहिली होती, खालून दोन हत्ती शेजारी-शेजारी जातील एवढी. प्रश्न आपल्याच हाताखालच्या कोणीतरी विचारलाय हे त्यांनी ओळखलं. नाव कळलं असतं तर तो माणूस दुसऱ्या दिवशी घरी बसला असता.

"सभेत ठराव आणतो," अध्यक्ष आत म्हणत होते. "प्रश्न नावानिशी छापायचे. आणि कमानीचा प्रश्न कोणाचा तेही सांगायचं. जमत नसेल तर खुर्ची सोडा."

"बरं. सभेला चहा किती जणांचा सांगू?" भाऊजी म्हणाले.

अध्यक्ष तावातावानं जिना उतरून गेले. मी आत जाऊन चष्मा दिला आणि म्हटलं, "भाऊजी, सांगून टाकायचं ना, नावं जाळली म्हणून."

"कागदावरची जाळली. डोक्याला कुठे कात्री लागते?" ते म्हणाले. "आणि नाव नाही म्हणून सांगत नाही, असं म्हटलं तर उद्या ते कापायचंच बंद करतील. सांगायचं नाही म्हणून सांगत नाही. तुम्ही घरी जा, भाजी करपेल."

सभेला मी दाराशी फायली वाटायला होते. अध्यक्षांनी ठराव वाचला. मोठ्या कॉलेजांचे हात वर जायला लागले, त्यांच्याकडे बघून छोट्यांचे. भाऊजी कोपऱ्यात पेन्सिल तासत बसले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक दमेकरी बाई उठल्या. आडगावच्या एवढ्याशा कॉलेजच्या हिशेबनीस होत्या.

"एक शंका. ठराव आजपासून लागू, की मागच्या तारखेपासून?"

"मागच्याच प्रश्नाला लावायचाय, बाई."

"एकाच प्रश्नाला कसा लावणार?" बाईंनी दम खाल्ला. "नियम सगळ्यांना सारखा. मागे जायचं तर पहिल्या पत्रकापासून जावं लागेल."

आता ही शंका हिशेबनिसांखेरीज कोणाला सुचली असती? सगळ्या माना भाऊजींकडे वळल्या.

"प्रश्न सगळे जपून ठेवलेत," भाऊजी म्हणाले. "चौदा वर्षांचे."

खोटं काहीच नव्हतं. मी मात्र फायलींत डोकं घातलं. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. कोणी कान खाजवला, कोणी घड्याळाला किल्ली दिली. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता. ठराव पुढच्या सभेत घेऊ, असं ठरलं. पुढची सभा त्यानंतर एकोणीस वेळा आली.

कमानवाल्या कॉलेजच्या ग्रंथालयात वर्षभरात नवी कपाटं आली. त्या विचारणाऱ्याचं काय झालं, म्हणून मी एकदा खोदून पाहिलं.

"त्याच अक्षरातला दुसरा प्रश्न आलाय," भाऊजी म्हणाले, आणि कात्री मागितली.

निवृत्त झाल्यावरही संघानं त्यांना सोडलं नाही. प्रश्न घरी यायला लागले. शेगडी गेली, तेव्हापासून पट्ट्या मी पाण्यात भिजवून चुरगळून टाकायचे. भाऊजी वारले, त्याच्या तीन दिवस आधीही एक पत्र आलं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. भाऊजी टेबलाशी बसले, दीड पान उत्तर लिहिलं आणि नेहमीसारखं मला वाचून दाखवलं. मला कळलं तर कोणालाही कळेल, हा त्यांचा नियम.

"कळलं?"

"दुसरा परिच्छेद घोळात टाकतो."

कपाळाला आठी घालून त्यांनी तो पुन्हा लिहिला. पाकिटावर पत्ता घालून ते चिकटवलं, पट्ट्या कापून माझ्या हातात दिल्या, बूट घातले. मी येते म्हटलं तर म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत तर जायचंय." मी खिडकीतून बघत राहिले. त्यांनी पत्रपेटीत पाकीट सोडलं, आत अडकलं नाही ना म्हणून बोटांनी चाचपलं, पेटीवर दोनदा थाप मारली आणि परत फिरले.