अंगारकीच्या दिवशी मटण कटलेट

"अंगारकी असो नाहीतर अमावास्या, कुसुमबाई. ऑर्डर मटण कटलेटची आहे, मटण कटलेटच जाणार," असं म्हणून भाऊसाहेबांनी चव बघायला म्हणून तिसरं कटलेट उचललं.

भाऊसाहेब आमच्या फर्मचे मालक. रात्रीच्या लांबच्या गाड्यांतल्या स्लीपर कोचना जेवण आणि चहापाणी पुरवायचं, हा आमचा धंदा. किचन परळला. मी तिथे सुपरवायझर, तीही प्रोबेशनवर. सुपरवायझरच्या खुर्चीत बाई बसवून बघावी, ही त्यांची हौस होती. हौस फिटली की मी परत मसाल्याच्या खोलीत जाणार, हे किचनमधल्या मांजरालाही माहीत होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. रोज कोणी ना कोणी मागणी घेऊन दिल्लीला जात होतं आणि आश्वासन घेऊन परत येत होतं. जाताना ते आमचं जेवण जेवत. चळवळीतला आमचा वाटा एवढाच.

त्या दिवशी जाणाऱ्या शिष्टमंडळाने अख्खा स्लीपर कोच घेतला होता. ऑर्डर दिली होती परळच्या युनियनमधल्या सावंतांनी. त्यांना सगळे कॉम्रेड म्हणत. जेवण 'वेस्टर्न स्टाइल': सूप, मटण कटलेट, पाव, कस्टर्ड. ड्रिंक्स म्हणजे सोडा, लेमन, चहा. दारूबंदी होती, त्यामुळे ड्रिंक्स या शब्दाला आम्ही फारसं घाबरत नव्हतो.

सकाळी कामावर येताना दादरच्या बाजारात दुर्वांचे ढीग बघितले आणि माझ्या लक्षात आलं, आज मंगळवार आणि संकष्टी. मी कॉम्रेडना फोन लावला.

"आज अंगारकी आहे हो."

"मग? आम्ही पुरोगामी माणसं आहोत, बाई."

"सगळे?"

"शिष्टमंडळाचा तसा ठराव आहे."

"उपास न करण्याचा?"

"पुरोगामी असण्याचा!" त्यांनी फोन ठेवला.

गिरगाव आणि लालबागमधली पुरोगामी माणसं मी लहानपणापासून बघत आलेय. सभेत देव नाही म्हणतात आणि घरी जाऊन नारळ फोडून देतात, कारण बायकोच्या हाताला लागतं. मी भाऊसाहेबांकडे गेले, तेव्हा त्यांचं उत्तर वर लिहिलंच आहे. कटलेट त्यांच्या आजीच्या पद्धतीचं. त्याला कोणी नाही म्हणू शकेल हे त्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

"आणि हो," ते म्हणाले, "एकाची जरी तक्रार आली, किंवा प्लेटी इगतपुरीला उतरल्या नाहीत, तर उद्या मसाल्याच्या खोलीत."

इगतपुरीचं सांगायला हवं. जेवण आम्ही दादरला चढवत असू. कोळशाच्या निखाऱ्यांवर ठेवलेल्या पत्र्याच्या पेट्या, त्यांना हॉट केस म्हणतात. आमचे बेअरर कल्याणच्या आसपास वाढत, घाट चढेपर्यंत उष्ट्या प्लेटी गोळा करत आणि इगतपुरीला प्लेटींसकट उतरत. तिथून पुढे दुसऱ्या कंत्राटदाराचं राज्य. आमची प्लेट पुढे गेली की ती त्यांची झाली. माझ्या आधीच्या सुपरवायझरच्या प्लेटी एकदा भुसावळला गेल्या होत्या. प्लेटी परत आल्या नाहीत आणि तोही.

मी खाली किचनमध्ये गेले. आमचा कुक फ्रान्सिस, गोव्याचा.

"फ्रान्सिस, वरणभात आणि बटाट्याची भाजी टाक. कांदालसूण नको. आणि मोदक."

"मोदक? मला येत नाय, बाय."

"नाताळात नेवऱ्या करतोस ना? गोड खोबऱ्याच्या?"

"त्या करतो."

"मग त्याच कर. करंज्या म्हणू."

चतुर्थीच्या नैवेद्याला नाताळची नेवरी. कोणी विचारणार नाही आणि मी सांगणार नाही, असं आमचं ठरलं. भाऊसाहेबांनाही मी सांगितलं नाही. एरवी सुपरवायझर दादरला पेट्या चढवून घरी जातो. मी घरी निरोप पाठवला आणि बेअररांबरोबर जायचं ठरवलं.

दादरच्या प्लॅटफॉर्मवर शिष्टमंडळाला पोचवायला निम्मं लालबाग आलं होतं. हार, घोषणा, ओवाळणं. कॉम्रेड सावंत दारात मूठ वळून उभे होते. समोर त्यांची आई, हातात निरांजन.

"आज अंगारकी हा," ती म्हणाली. "चंद्र उगवल्याशिवाय काय्येक खाव नको."

कॉम्रेडची मूठ खाली आली. "नाय गो आये."

"जेवणाक काय असा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बैठकीत भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, पण त्याची नजर अगदी बापुडवाणी झाली होती.

"वरणभात आणि करंज्या, मावशी," मी म्हटलं.

"देव तुझा बरा करो," म्हणून म्हातारीने मलाही ओवाळलं. तोवर शेजारच्या खिडक्यांतून आणखी चार आयांनी आणि दोन बायकांनी तोच प्रश्न विचारला होता. गाडी हलली तेव्हा डब्यात पुरोगामी एकही उरला नव्हता.

अपवाद एकच. दाराजवळच्या बर्थवर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. साधा शर्ट, साधी पँट, पायात मात्र पोलिसी तपकिरी बूट. सरकारने शिष्टमंडळावर नजर ठेवायला पाठवलेले. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

उपासाला चहा चालतो. ठाणे येईपर्यंत शिष्टमंडळाने कल्याणपर्यंतचा चहा संपवला. लेमन संपलं. सोडाही संपला. कल्याणला मी वाढायची तयारी करायला सांगितलं, तर शिष्टमंडळाचे अध्यक्ष अण्णा आडवे आले. अण्णा गिरगावातले, कोर्टातून रिटायर झालेले. काळी टोपी, स्वच्छ धोतर.

"चंद्रोदयाशिवाय कोणीही पानाला हात लावणार नाही," ते म्हणाले. "मी स्वतः तर चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घास घेत नाही."

अध्यक्षांनी म्हटल्यावर सगळेच डोळ्यांनी बघणार. वेळेचा हिशेब मी सकाळीच घालून ठेवला होता. पंचांगातल्या चंद्रोदयाला गाडी कसाऱ्याच्या पुढेमागे असणार, म्हणजे घाट चढता चढता जेवणं उरकली असती. पण डोळ्यांनी बघायचा तर पुढे सगळा डोंगर. तो ओलांडून चंद्र दिसेपर्यंत इगतपुरी मागे पडली असती.

आमचा हेड बेअरर शंकर माझ्या कानाशी आला. "बाई, कसारा आला. यांचं जेवण होणार कधी, प्लेटी गोळा करायच्या कधी?"

घड्याळात चंद्रोदय होऊन गेला. डबाभर माणसं खिडक्यांना नाक लावून बसली होती. बाहेर काळा डोंगर. मला मसाल्याच्या खोलीचा वास यायला लागला. मी अण्णांसमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, चंद्रोदय झाला."

"कुठाय?"

"पंचांगात. गिरगावात तुमच्या खिडकीतून चंद्र दिसतो?"

"समोरची चाळ आड येते."

"मग तिथे काय करता?"

"तिथे नाइलाजाने घड्याळ बघतो. पण ती वेळ मुंबईची, बाई. आपण मुंबईत नाही. हा घाट आहे. मुंबईचं इथे कसं लागू होईल? मुंबई वेगळी, हे वेगळं."

खिडकीची नाकं आत वळली.

"काय म्हणालात?" मी विचारलं. "मुंबई वेगळी? दिल्लीला हेच सांगायला चाललात का?"

दाराजवळ पेपर खाली आला. पोलिसी गृहस्थ पहिल्यांदाच मन लावून ऐकत होते.

"अण्णा," कॉम्रेड सावंत हळूच म्हणाले, "हे रिपोर्टात जाईल."

अण्णांनी टोपी सारखी केली. उभे राहिले. खिडकीबाहेरच्या डोंगराला, त्यामागे चंद्र आहे असं धरून, नमस्कार केला आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "मुंबईची वेळ अख्ख्या महाराष्ट्राला लागू आहे. वाढा!"

"झालाच पाहिजे!" कोणीतरी ओरडलं. ते संयुक्त महाराष्ट्राबद्दल होतं की जेवणाबद्दल, मी विचारलं नाही.

दादरपासून नुसत्या चहावर राहिलेली माणसं काय वेगाने जेवतात हे ज्याने बघितलं नाही, त्याला सांगून पटणार नाही. वरण पुन्हा, भात पुन्हा. नेवऱ्या अशा गेल्या की अण्णांनी मला बोलावून विचारलं, "करंज्या कोणी केल्या हो? हाताला सात्त्विक चव आहे."

"आमचे एक जुने आचारी आहेत," मी म्हटलं.

कटलेटच्या पेटीकडे कोणी फिरकलं नाही. मी एक प्लेट भरून दाराजवळ नेली. "तुमचा उपास आहे का?"

"ड्युटीवर उपास नसतो," पोलिसी गृहस्थ म्हणाले आणि पेपरची घडी केली. सूप, कटलेट, पाव, कस्टर्ड, सगळं काट्याचमच्याने, शिष्टमंडळाच्या खर्चाने. समोर वरणभात कालवत बसलेले कॉम्रेड सावंत त्यांच्या प्रत्येक घासाबरोबर वर-खाली बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बाई, उपास तर सुटला ना आता?"

"तुमच्या आईने मला ओवाळलंय," मी म्हटलं. ते परत वरणभाताकडे वळले.

इगतपुरीला सगळ्या प्लेटी उतरल्या. उरलेली कटलेटं शंकरने लोको शेडमध्ये पोचवली. तिथे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते. त्यांना ना अंगारकीचं सोयरसुतक, ना महाराष्ट्राचं. पेटी पुसून परत दिली. मी लेडीज वेटिंग रूममध्ये पाठ टेकली आणि सकाळच्या गाडीने परळला हजर झाले.

भाऊसाहेब वाटच बघत होते.

"प्लेटी?"

"सगळ्या आल्या."

"तक्रार?"

"नाही. अध्यक्षांनी कुकचं कौतुक केलं."

"आणि कटलेटं किती परत आली?"

"एकही नाही."

भाऊसाहेब खुर्चीत मागे रेलले. "बघा! मी काय म्हणत होतो? अंगारकी-बिंगारकी नुसतं बोलायला असतं. पुढ्यात कटलेट आलं की माणूस खातोच. शिका, कुसुमबाई, शिका."

"शिकले," मी म्हटलं. महिना संपायच्या आत त्यांनी मला कायम केलं.

शिकले होते हे खोटं नव्हतं. पुढे त्या खुर्चीत बरीच वर्षं काढली. मोठमोठ्या पार्ट्यांच्या, शिष्टमंडळांच्या, वऱ्हाडांच्या ऑर्डरी घेतल्या. काय जेवणार, हे गिऱ्हाइकाला मी शेवटी विचारत असे. आधी विचारत असे, "स्टेशनवर पोचवायला कोण येणार आहे?"