बांधलेल्या तंबूतला स्टोव्ह

"बोलत न्हाई त्येच ब्येस हाय. बोलणारी बाई तंबूत झेपत न्हाई, चाचा!"

हे आमच्या सोपान खलाशाचं मत, आणि ते माझ्याबद्दल होतं. तंबूच्या पलीकडे बसून तो करीमचाचांना सांगत होता, अलीकडे मी भाकरीचं पीठ मळत होते. मध्ये फक्त एक कापड! पण दार बांधलं की आतल्या बाईला ऐकूही येत नाही, अशी पुरुषांची समजूत असते.

न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारा रोज थोडेथोडे वाटून टाकतो, आपल्याकडे ढीग होतो. माझा ढीग निमोण्याच्या माळावरचा आहे. तिथे कालव्याच्या सर्व्हेचा कॅम्प होता आणि आमचे हे त्यात ओव्हरसियर. माझं माहेर दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं. लग्न झालं आणि चाळीतून मी थेट तंबूत आले. कॅम्पात हेडसर्व्हेअर आप्पा, शिरूरचे स्टोअरवाले करीमचाचा, मोजणीची साखळी ओढणारा केंदूरचा सोपान खलाशी, हे आणि मी. मी येईपर्यंत स्वयंपाक सोपान करायचा. मी ज्या दिवशी आले त्या दिवशी त्यानं पंपाचा स्टोव्ह उचलून आमच्या तंबूत आणून ठेवला.

"घ्या वैनी, तुमचं राज्य!"

*

आप्पांनी पहिल्याच संध्याकाळी मला समोर बसवून गॅसबत्तीचा धडा दिला.

"हे बघा सूनबाई, रॉकेलशी खेळ नाही. बत्ती पुरती गार झाल्याशिवाय टाकीचं झाकण काढायचं नाही. जवळ विस्तव नको. घाई नको."

हे सांगताना त्यांच्या ओठात पेटती विडी होती, आणि त्यांनी नुकत्याच विझवलेल्या बत्तीचं झाकण काढलेलं होतं. फुस्सकन हवा सुटली. मी दोन पावलं मागे सरकले.

"भ्यायचं नाही," आप्पा म्हणाले. "माझ्या हाताला इतक्या वर्षांची सवय आहे. मला काही झालंय का आजवर?"

करीमचाचा साखर मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "आप्पा, ती डावी भुवई मागल्या दिवाळीपर्यंत हुती!"

*

सोपानची पद्धत आणखी सोपी होती. स्टोव्ह चालू असताना मंद झाला की विझवायचा, लगेच रॉकेल ओतायचं, लगेच पेटवायचा. बर्नर टोचायची पिन सापडेपर्यंत रॉकेलचा टिन तिथेच शेजारी उघडा.

मी फक्त हातानं खूण केली, थांबा, गार होऊ दे.

"गार व्हायला टाईम कुणाला हाय वैनी? सायबास्नी च्या पायजे!"

ओतताना निम्मं सतरंजीवर सांडलं. ह्यांनी पाहिलं, आणि मला वाटलं आता तरी सोपानला झापतील.

"अगं, लुगडं जप," हे म्हणाले.

पुढे ऐका. आमच्या तंबूत एका कोपऱ्यात मोजणीच्या दुर्बिणीची पेटी असायची. दुसऱ्या दिवशी हे आणि सोपान आले आणि ती पेटी दोघांनी अलगद, तान्ह्या बाळासारखी उचलली. आप्पांच्या तंबूत हलवली.

"का हो?" मी विचारलं.

"स्टोव्ह आहे ना इथे. काही झालं म्हणजे? सरकारी वस्तू आहे, परत मिळायची नाही!"

*

आता दाराचं. नव्या सुनेचा तंबू उघडा दिसू नये म्हणून ह्यांनी नियम केला, की स्वयंपाकाच्या वेळी दाराचे पडदे बाहेरून दोरीनं आवळून बांधायचे. मर्यादा! कुणाची कुणाला? समोर नजर पोचेल तिथवर कुसळी गवत, आणि माणसं म्हणाल तर तीन.

आत स्टोव्ह, वर ऊन, आणि सगळ्या कॅम्पाच्या भाकऱ्या. पाचव्या-सहाव्या भाकरीला माझं डोकं ठणकू लागायचं. मग मळमळ. एकदा तव्यासमोर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तंबूच्या खांबाला धरून बसले. मला दिसत होतं, कळत होतं, की एखाद्या दिवशी हात खांबापर्यंत पोचायचा नाही.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी आप्पांना सांगितलं. बाहेर कुजबुज झाली, मग हसणं झालं, आणि संध्याकाळी सोपान निमोण्याहून पदर भरेल एवढ्या चिंचा घेऊन आला!

"गोड बातमी हाय म्हनं! खावा वैनी, खावा!"

आठवडाभर मी चिंचा खाल्ल्या आणि काढा प्यायले.

मग चार दिवस माहेरी गेले. दौंडच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या आणि एक सताड उघडं दार. डोकं एकदाही दुखलं नाही. परत आले तेव्हा करीमचाचांनी विचारलं, "पोरी, बरी हायेस न्हवं?" मी मान हलवली.

"बघा," आप्पा ह्यांना म्हणाले, "नुसती माहेरची ओढ होती!"

*

त्या रात्री मी ह्यांच्याशी माझ्या हिशेबानं पुष्कळ बोलले. म्हटलं, स्टोव्ह बाहेर ठेवू. वाऱ्याला तीन बाजूंनी कनात लावा, चौथी बाजू मोकळी सोडा. तुमची मर्यादाही राहील आणि मीही राहीन.

ह्यांना पटलं. खरंच पटलं! दुसऱ्या दिवशी करीमचाचांनी शिरूरहून कनात आणली, सोपाननं बांबू रोवले. मी स्टोव्ह उचलून बाहेर आले, तर कनातीत आप्पा आंघोळ करत होते.

"त्यांचं वय झालंय," हे हळूच म्हणाले. "उघड्यावर बरं दिसत नाही."

स्टोव्ह परत आत गेला.

*

आणि मग पुण्याचे मोठे साहेब जीपमधून इन्स्पेक्शनला आले. दुपारचं जेवण कॅम्पावर. तंबूपुढे पाटांची रांग, साहेब मध्ये, आप्पा उजवीकडे. परका पुरुष आला म्हणून ह्यांनी त्या दिवशी दाराला नेहमीची एक गाठ न मारता वरपासून खालपर्यंत गाठी मारल्या.

शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली आणि बर्नर तुंबला. सोपाननं सकाळी गरम स्टोव्हमध्येच रॉकेल ओतलं होतं, सतरंजी ओली होती, आणि टिन शेजारी. मी पिन घातली. भस्सकन जाळ वर आला, खाली पडला, आणि सतरंजीनं पेट घेतला.

"दार सोडा!" मी ओरडले. माझा आवाज कॅम्पानं पहिल्यांदा ऐकला असेल.

बाहेर धावपळ झाली. ह्यांची बोटं गाठीवर चाललेली मला कापडातून दिसत होती. मग ती थांबली.

"अगं, साहेब बसलेत. डोक्यावर पदर आहे ना?"

मी मागच्या बाजूची खुंटी कापडाखालून दोन्ही हात घालून उपटली, कापड वर केलं आणि मातीतून सरपटत बाहेर पडले. वळसा घालून पुढे आले, तरी हे दाराला तोंड लावून विचारतच होते, "पदर घेतलास का? मग सोडतो!"

सोपाननं मला पाहिलं आणि त्याचा आ तसाच राहिला. करीमचाचांनी मात्र मी उचकटलेल्या बाजूनं घमेली भरभरून माती आत फेकली. सतरंजी विझली. स्टोव्ह आत फुरफुरतच होता.

माझ्या पुढच्या केसांचा जळका वास मलाच येत होता. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. आप्पा खाकरले.

"सूनबाई, भाकरी झाल्या होत्या का?"

"झाल्यात," मी म्हटलं. "आत आहेत. स्टोव्ह पेटलेला आहे, रॉकेलचा टिन त्याच्याशेजारी उघडा आहे, दाराच्या गाठी पक्क्या आहेत. ज्याला भूक असेल त्यानं डोक्यावर पदर घ्यावा आणि जावं आत!"