ता छिनचं घर चिखलात

कंबोडियातल्या तोन्ले साप सरोवरावरच्या तरंगत्या गावात घरं केव्हा हलवायची, ते म्हातारा छिन ठरवायचा; गाव त्याला ता, म्हणजे आजोबा, म्हणे. पाणी चढू लागलं की तो आधी स्वतःचं घर ओढत काठच्या झाडीत नेई आणि उंच झाडाला चौकड्याचा पंचा बांधी. पंचा दिसला की गाव निघे. गावात त्याचा मान काय तो एवढाच. मासेमारीत त्याचा हात अगदीच बेताचा होता.

बापाने त्याला एक हिशेब शिकवला होता. दर दहा-बारा वर्षांनी सूर्य सुस्तावतो, नदी रोडावते आणि पुढच्या साली पाणी लवकर येतं. गेलं साल रोडकंच गेलं होतं. म्हणून यंदा पाणी जरा चढताच छिनने घर हलवलं. पण पंचा बांधायच्या आधीच पाण्याने विचार बदलला आणि ते उतरलं. घर चिखलात बसलं, तेही एका बाजूला कलून. त्याची बायको मोन एका हाताने भांडं धरून भात शिजवू लागली.

पाणी मोजायला शहरातून आलेली एक मुलगी चिखल तुडवत चहाला आली. छिनने तिच्यापुढे सूर्याची तक्रार मांडली.

"सूर्यावर डाग येतात-जातात आजोबा, ते खरंय," ती म्हणाली. "पण त्याने चिमूटभर फरक पडतो. आपण सगळ्यांनी धुराची गोधडी पांघरलीय, तिने पाऊसच बिघडवलाय."

"मग काढा की गोधडी."

"तेच जमत नाहीये."

छिनला बापाचा राग आला, आणि त्याची लगेच लाजही वाटली. पंचा बांधला तर सगळं गाव येऊन चिखलात बसेल आणि आपली नामुष्की सगळ्यांत वाटली जाईल, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. मोनने पंचा धुऊन, घडी घालून पेटीत ठेवला.

शेवटी तो चिखलातून, मग कमरेएवढ्या पाण्यातून गावात गेला. थोन या शेजारणीच्या घरी माणसं जमली होती.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "येऊ नका."

"तुमचं कललेलं घर इथून रोज दिसतं, ता," थोन म्हणाली. "तुम्ही सांगायची वाट बघत होतो."

तिने त्याला भात आणि आंबवलेली मासळी वाढली. त्याचं जेवण झाल्यावर विचारलं, "मग कधी निघायचं?"

"माहीत नाही."

असं त्याच्या घराण्यात आजवर कोणी म्हटलं नव्हतं. माणसांनी माना डोलावल्या आणि ती घरी गेली.

पाणी फार उशिरा आलं. पंचा पेटीतच होता. तरीही गाव निघालं, आणि सगळ्या होड्या आधी छिनचं घर सोडवायला गेल्या.